हिवाळी कोट, चाळीस पानं

प्रिय खारू,

पाकिटावर दादाचं अक्षर बघून तू ते उघडलंस आणि आत निघाले मी. फसवलं म्हणून रागव हवं तर. पण माझं अक्षर दिसलं असतं तर पाकीट तसंच टेबलाच्या खणात गेलं असतं, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. गेल्या नऊ वर्षांत आपण एकमेकींना ‘बरी आहेस ना’च्या पुढे काही विचारलेलं नाही. नणंद-भावजयीचं पटत नाही यात लोकांना नवल वाटत नाही, त्यामुळे कुणी खोदून विचारलंही नाही. पण आपलं पटत होतं, हीच तर पंचाईत आहे. त्या कोटाच्या बाहीपायी ते तुटलं, आणि त्या बाहीबद्दलच मला तुला काही सांगायचंय. लगेच नाही जमायचं. पक्की शिवण मारायच्या आधी कच्चे टाके घालायची माझी खोड तुला माहीत आहे, तेव्हा जरा धीर धर.

आधी बातमी. कपड्यांच्या कटिंग्जची आपली साइट या तीस तारखेला बंद होतेय. माझे डोळे आता रेघ ओढताना दगा देतात, आणि कागदावर नवीन कपड्याचं कटिंग काढून वर्ष होऊन गेलं. शिवणाचा धागा बनवणारी एक कंपनी आपली सगळी कटिंग्ज घेतेय. त्यांच्या साइटवरून ती लोकांना फुकट उतरवून घेता येतील, आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आपल्या दोघींची नावं असतील. दोघींची, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. त्यांचे इंजिनिअर गेले तीन दिवस आपल्या पुढच्या खोलीत बसून फाइली हलवताहेत. टक्कल पडलेले, हळू बोलणारे, बिनसाखरेचा चहा पिणारे गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी तुझं काम उघडलं आणि चहा बाजूला सारून पडद्याला नाक लावलं. मला वाटलं, झालं, काहीतरी बिघडलं. तर म्हणाले, हे कुणी लिहिलंय हो? मी म्हटलं, माझ्या नणंदेनं. ते म्हणाले, फार नेटकं आहे, कुठे एक धागा लोंबत नाही. धाग्याच्या कंपनीतला माणूस, दुसरं काय म्हणणार. पण मला इतका अभिमान वाटला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा विसळली.

तेव्हापासून मला जुनंच सगळं आठवतंय. जेवणाच्या टेबलावर मी खाकी कागद पसरून कटिंग काढायचे, आई पलीकडच्या कोपऱ्यात शेंगा सोलायच्या आणि कागदावर टरफल पडलं की मी डोळे वटारायचे. मग त्या कागदांच्या घड्या, लिफाफे, पोस्टाची रांग. एका बाईला फ्रॉकचं कटिंग पोचेपर्यंत तिची मुलगी फ्रॉकमधून बाहेर पडायची. तू कॉलेज संपवून घरी आलीस आणि आल्या आल्या शहाणपणा सुरू केलास की कागद कशाला पाठवतेस, नुसतं चित्र पाठव, कागद ज्याच्या त्याच्या घरी असतो. मी म्हटलं, उद्या म्हणशील कोटही तारेतून पाठव. तू म्हणालीस, पाठवू की. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी तुझ्या दादाला त्याच दिवशी म्हटलं होतं. सहा महिन्यांत तू माझं हसं केलंस.

पहिला गेला तो स्वयंपाकाचा एप्रन. आपण तिघी पडद्यासमोर बसलो होतो आणि तुझ्या त्या यादीत एक ओळ उमटली. अमुक फाइल, अमुक वाजता, अमुक पत्त्यावर दिली. आईंनी विचारलं, कोण होती? तू म्हणालीस, काय माहीत. आई म्हणाल्या, अगं, ओळख ना देख, एक बाई आपल्या घरातून एप्रन घेऊन गेली आणि तुम्ही दोघी हसताय? त्या दिवसभर चिंतेत होत्या. संध्याकाळी पुन्हा विचारलं, पोचली का गं ती नीट? तुला त्यांना समजावता समजावता घाम फुटला होता.

ती यादी म्हणजे तुझं खारूपण. लहानपणी तू बसची तिकिटंसुद्धा डब्यात साठवायचीस म्हणून आईंनी तुला हे नाव ठेवलं, ते यादीनं सार्थ केलं. कुणी काय उतरवून घेतलं, कुठली फाइल कधी बदलली, कुणी बदलली, सगळ्याची ओळ. जुनी फाइल कधी फेकायची नाही, ‘जुनं’ नावाच्या कपाटात ठेवायची. मी चेष्टा करायचे, की कोण वाचणार आहे ही पोथी? तू म्हणायचीस, कुणी नाही वाचत, पण असावी.

आणि सुरुवातीला काय काय गमती झाल्या. लोक बटण दाबायचे आणि फाइल साठवली जायच्याऐवजी तिथेच खिडकीत उघडायची. मग बायका ती खिडकीच छापायच्या, वर साइटचा पत्ता, खाली तारीख, आणि मधे बिचारा आकसलेला शर्ट. तू काहीतरी दोन ओळी लिहिल्यास आणि मला सांगितलंस की आता फाइलीबरोबर निरोप जातो: उघडू नकोस, नीट ठेवून दे. मला ते फार आवडलं होतं. मग नावांची भानगड. सगळ्या फाइली नुसत्या आकड्यांच्या नावानं जायच्या. एका आजींचा फोन आला की माझ्याकडे अकरा आकडे आलेत, त्यातली नातवाची चड्डी कुठली? त्यावर तू प्रत्येक फाइल तिच्या नावानिशी पाठवायला लागलीस. ‘बाळाचं झबलं, सहा महिने.’ ‘हिवाळी कोट, चाळीस पानं.’ आजींनी तुला आशीर्वाद दिला आणि मला विचारलं की या मुलीचं लग्न ठरलंय का.

चौकोन मात्र माझा हं. छापताना यंत्र आपल्या मनानं कागद लहान करतं आणि आखूड शर्टाचं खापर शिंपिणीवर फुटतं, म्हणून मी पहिल्या पानावर पाच सेंटिमीटरचा चौकोन काढला आणि खाली लिहिलं, आधी हा मोजा, कमी भरला तर कात्री लावू नका. तू म्हणालीस, वहिनी, हे मला नसतं सुचलं. पुढे महिनाभर मी घरात तोऱ्यात होते.

कोट चाळीस पानांचा होता. मधेच लाइन तुटली की लोकांकडे तेवीसच पानं पोचायची आणि काही शूर बायका त्या तेवीसांवरच कापड बेतायच्या. तू दोन गोष्टी केल्यास. एक, फाइल किती मोठी आहे ते आधीच सांगायचं, म्हणजे पूर्ण पोचल्याशिवाय ‘झालं’ असं म्हणणारच नाही. आणि दुसरी, जिथे तुटलं तिथूनच पुढे सुरू. मला समजावताना तू म्हणालीस की चार बोटं शिवण उसवली तर सगळी बाही काढतेस का तू? तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुझं काम आणि माझं काम एकाच जातीचं आहे. तोवर मी तुला मनातल्या मनात यंत्र दुरुस्त करणारी समजत होते. त्या वर्षी दादाची नोकरी गेली होती आणि घर माझ्या कटिंग्जवर चाललं होतं, तरी त्या घराइतकं हसू मी नंतर कुठे ऐकलेलं नाही.

आता कोटाकडे येते. तुझा नियम असा होता की मी दुरुस्त केलेली फाइल ‘तयार’मध्ये ठेवायची, वहीत बरोबरची खूण करायची, आणि मग ती तू साइटवर चढवायचीस. मला त्याचा जाच वाटायचा. साधा कानामात्रा बदलायचा तरी तुझ्या पाया पडायचं का, म्हणून मी महिनाभर भुणभुण लावली आणि शेवटी तू मला माझं स्वतःचं बटण दिलंस. देताना एवढंच बजावलंस की चढवण्याआधी दोन्ही फाइलींच्या, साइटवरच्या आणि तुझ्या, तारखा समोर येतील, त्या वाचून मग दाब. मी म्हटलं, मला वाचता येतं.

त्याच हिवाळ्यात कोटाच्या बाहीत चूक निघाली. बाही जिथे जोडतात तो खांद्याचा मुंढा नीट होता पण बाहीचा वरचा गोल तीन सेंटिमीटर कमी, म्हणजे बाही बसायचीच नाही. मी ती दुरुस्त केली, वहीत खूण केली, सोमवारी तू नवी फाइल चढवलीस. इथवर सगळं तुला पाठ असेल. पुढच्या सोमवारी दुपारी चार वाजता शिवणकेंद्राच्या मुख्य बाई दारात उभ्या राहिल्या, हातात बिनबाहीचा कोट. त्यांनी आपल्या कटिंगवर वसतिगृहाच्या मुलींसाठी साठ कोट एकदम कापले होते आणि एकाचीही बाही बसत नव्हती. कापड वाया, थंडी तोंडावर. त्यांनी कोट टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी वही काढली, खूण दाखवली आणि म्हटलं, मी बरोबर दिलं होतं, चढवण्याचं काम हिचं आहे. तू म्हणालीस, मी बरोबर चढवलं होतं, यादीत बघते. त्यावर मी जे बोलले ते विसरायला मला जमलेलं नाही. मी म्हटलं, यादी तूच लिहिलेली, ती साक्ष कुणाच्या बाजूनं देणार?

तू उठून आपल्या खोलीत गेलीस. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो तर मी पुन्हा वही उघडली. मला काय सूड उगवायचा होता कोण जाणे. बहुतेक भीती होती. लोकांनी माझ्या हातावर विश्वास ठेवायचं सोडलं तर काय, ही भीती. आई तुला म्हणाल्या, लहानपणापासून धांदरट ती धांदरटच, नसते उद्योग करावेतच कशाला. दादा खाली मान घालून जेवत होता. आणि तू, जी दुपारी मी बरोबर चढवलं म्हणून ठामपणे सांगत होतीस ती, माझ्याकडे बघून हळूच म्हणालीस, असेल, माझंच चुकलं असेल. मी वही मिटली. खरं सांगते, मला बरं वाटलं.

त्यानंतरच्या दोन दिवसांत तू बरोबर फाइल चढवलीस, ज्या चारशे बारा जणांनी चुकीचा कोट उतरवून घेतला होता त्या प्रत्येकाला पत्र आणि नवी लिंक पाठवलीस, शिवणकेंद्राच्या बाईंकडे जाऊन माफी मागितलीस, आणि बुधवारी सकाळी दुसऱ्या गावची नोकरी धरायला निघून गेलीस. मी दारापर्यंतही आले नाही. तुझी खोली मी पुढे कापडं ठेवायला घेतली, पण ठेवली नाहीत, ती अजून रिकामीच आहे.

आई गेल्या त्या वर्षी तू दवाखान्यात आठ दिवस होतीस. आपण पांघरुणं आणि औषधांच्या वेळा यांबद्दल बोलायचो. एका दुपारी मी चादरीच्या घड्या घालत होते आणि आईंनी मला विचारलं, खारूचं काम बरं चाललंय ना गं, चुका तर करत नाही ना आता? मी म्हटलं, बरं चाललंय. मान वर केली तर तू दारात उभी होतीस, हातात पाण्याची बाटली. तू आत आलीस, आईंना पाणी पाजलंस आणि उशी सरळ केलीस. मी घड्या घालत राहिले. त्या घड्या इतक्या नीट घातल्या होत्या मी.

परवा इंजिनिअर म्हणाले, ताई, फाइली सगळ्या हलल्या, ही जुनी यादी तेवढी उरलीय. आम्हाला ती नको, तीस तारखेला पुसून टाकू ना? मी पटकन ‘हो’ म्हटलं. फारच पटकन. कारण खारू, त्या यादीत काय आहे ते मला माहीत होतं. तू गेल्यानंतर आठव्या दिवशी मी माझ्या कॉम्प्युटरवर कोट उघडला. शिवणकेंद्राच्या बाई यायच्या आधीच्या बुधवारी, म्हणजे तू पहिल्यांदा बरोबर फाइल चढवल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी फक्त पहिल्या पानावरचा आपला फोन नंबर बदलला होता आणि माझ्या बटणानं फाइल चढवली होती. नंबर मी जुन्याच फाइलीत बदलला होता. टेप लावून मोजलं, बाही तीन सेंटिमीटर कमी. तुझ्या बरोबर कोटावर माझा चुकीचा कोट मीच चढवला होता, तारखा न वाचता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी दार लावलं, ती फाइल पुसली, कॉम्प्युटरमधली कचराकुंडी रिकामी केली आणि स्वयंपाकाला लागले. तुला फोन करायचं उद्यावर टाकलं. मग परवावर. आई त्यानंतर तीन वर्षं जगल्या.

तर ‘हो’ म्हटलं आणि रात्रभर पडून राहिले. सकाळी त्यांना म्हटलं, पुसण्याआधी मला ती एकदा बघायची आहे. त्यांनी मला तो आठवडा काढून दिला. बुधवारची ओळ होती: कोट बदलला, वहिनी. त्याखाली चारशे बारा ओळी. मला वाटलं, एवढंच. त्यांनी बोट आणखी खाली नेलं आणि म्हणाले, ही यादी स्वतःच एकदा कुणीतरी उतरवून घेतलेली दिसते, पुढच्याच सोमवारी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्याचीही ओळ आहे बघा. नाव तुझं. खारू, मी ती ओळ बघत बसले आणि मला नऊ वर्षांत एकदाही न पडलेला प्रश्न पडला, की चारशे बारा जणांचे पत्ते तू आणलेस कुठून? याच यादीतून. आणि त्या पत्त्यांच्या डोक्यावर माझं नाव होतं. तू आमच्याबरोबर जेवायला बसलीस ती सहा दहानंतर. आईंनी तुला धांदरट म्हटलं तेव्हा ते सगळं तू वाचून आली होतीस, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस की माझंच चुकलं असेल.

म्हणून हे पत्र तुला काही कळवायला नाही. तुला सगळं माहीतच आहे. ते मलाही माहीत आहे, एवढंच तुला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी समजत होते की एक गोष्ट मी एकटी लपवून बसलेय, आणि ती माझ्यासाठी तू लपवत होतीस, दवाखान्याच्या त्या दारातसुद्धा. का केलंस ते विचारत नाही. दादा घरी बसला होता आणि घर माझ्या हातावर चाललं होतं, हे मलाही दिसतं. मी चुकले, खारू. चूक कोटात झाली ती माफ होण्यासारखी आहे, नंतरची नाही, आणि आईंसमोर ते सांगायची वेळ मी घालवली. काल तुझ्या दादाला सगळं सांगितलं. त्यानं उठून चपला घातल्या. मग म्हणाला, मी तिला आणायला जातो. मी म्हटलं, आधी मला विचारू दे, नाही म्हणायचा तिचा हक्क आहे. म्हणून विचारते. आम्ही दोघं आलो तर दार उघडशील का?

तुझीच, आणि हे लिहायचा हक्क अजून असेल तर,
वहिनी